एक्सव्ही६ मध्ये मायक्रोसेकंदांची झोप कशी घालायची

प्रश्न थोडक्यात असा: एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवण्यासाठीच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमची रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठीची आवृत्ती घेतली आहे. तिच्यातला स्लीप हा सिस्टिम कॉल टिक मोजतो आणि एक टिक म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. तिथे २०० ते ५०० मायक्रोसेकंद झोपता येईल असा नवा कॉल हवा आहे. टाइमरचा आकडा १०,००,००० वरून १,००० वर आणून पाहिला. झोप बारीक झाली, पण बाकी सगळं मंदावलं आणि वेळेवर चालणारे जुने प्रोग्राम बिघडले. योग्य रस्ता कोणता?

टिक लहान करायचा रस्ता सोडून द्या. बारीक झोप हवी असेल तर रांगेतला सर्वात आधी उठणारा कोण हे कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) ठाऊक हवं, आणि बरोबर त्या क्षणाची सूचना हार्डवेअरच्या घड्याळाला देऊन ठेवायला हवी. बाकी सगळं काम त्याभोवतीचं आहे, पण चुका होतात त्या तिथेच, म्हणून उत्तर लांबलं आहे. कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फाइल उघडल्यावर लगेच ओळखू येतील.

आधी टिक लहान केल्यावर काय झालं ते पाहू. क्यूएमू या प्रोग्रामने उभ्या केलेल्या 'व्हर्ट' या नकली मशीनचं घड्याळ १० मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे ते वाचणाऱ्या आर_टाइम() मधला एक आकडा १०० नॅनोसेकंदांचा. १०,००,००० आकडे म्हणजे १०० मिलिसेकंद आणि १,००० आकडे म्हणजे १०० मायक्रोसेकंद. हा बदल केला की प्रत्येक कोअरवर सेकंदाला १०,००० इंटरप्ट (चालू काम थांबवणारे हार्डवेअरचे इशारे) येतात. मेकफाइलमध्ये ठरलेले तीन कोअर धरले तर ३०,०००. शिवाय एक्सव्ही६ मध्ये टाइमरचा इंटरप्ट आला की यूजरट्रॅप आणि कर्नलट्रॅप ही इंटरप्ट हाताळणारी फंक्शन्स लगेच यील्ड() करतात. म्हणजे कुणी झोपलेलं असो वा नसो, दर १०० मायक्रोसेकंदांनी चालू प्रोसेस बाजूला काढून शेड्युलरची, म्हणजे पुढे कोण चालेल ते ठरवणाऱ्या कोडची, फेरी होते. त्यातच शून्य क्रमांकाचा कोअर प्रत्येक टिकला वेकअप(&टिक्स) बोलावतो. ते ६४ जागांचं अख्खं प्रोसेस टेबल, प्रत्येकाचं लॉक घेत घेत, तपासतं आणि टिक्सवर झोपलेल्या सगळ्यांना उठवतं. ज्यांची वेळ झालेली नाही ते उठून पाहतात आणि पुन्हा झोपतात.

आणखी दोन गोष्टी त्याच बदलाने बिघडतात. स्लीप(१०) म्हणजे एक सेकंद असं धरून लिहिलेला प्रत्येक प्रोग्राम आता एक मिलिसेकंदात परततो. आणि टिक्स हा ३२ बिटांचा आकडा १० च्या वेगाने भरायला साडेतेरा वर्षं लागतात, तो १०,००० च्या वेगाने पाच दिवसांत भरून शून्यावर येतो. सिस_स्लीपमधली तुलना वजाबाकीने केलेली असल्याने ती यातून निभावते. टिक्सची थेट मोठा-लहान तुलना करणारा तुमचा स्वतःचा कोड निभावणार नाही.

मूळ कॉलमध्येच एक बारीक दोष आहे, तो नव्या कॉलमध्ये येऊ देऊ नका. सिस_स्लीप 'आत्ताचा टिक' नोंदवतं आणि फरक एन झाला की परततं. पण पहिला टिक पुढच्याच क्षणी पडू शकतो. म्हणजे स्लीप(१) हा शून्य ते १०० मिलिसेकंदांमध्ये कधीही परततो. झोपेच्या कॉलचं एकच पक्कं वचन असतं: सांगितल्यापेक्षा लवकर उठवणार नाही. उशीर होऊ शकतो आणि किती होऊ शकतो हे मोजून सांगता येतं. लवकर उठणं मात्र चूकच. सेन्सरला ३०० मायक्रोसेकंद थांबायचं असेल आणि २९० व्या मायक्रोसेकंदाला वाचलं, तर अर्धवट आकडा हाती येतो, आणि तो चुकीचा आहे हे कुणालाच कळत नाही.

आता हार्डवेअर. २०२४ पासूनच्या एक्सव्ही६ मध्ये एसएसटीसी हे रिस्क-फाइव्हचं एक्स्टेन्शन वापरलं आहे, त्यामुळे सुपरवायझर मोडमधून, म्हणजे कर्नल ज्यात चालतो त्या मोडमधून, पुढच्या इंटरप्टची वेळ ठेवणारं एसटाइमसीएमपी हे रजिस्टर थेट लिहिता येतं. त्याआधीच्या प्रती मशीन मोड या त्याहून वरच्या पातळीवरच्या टाइमरव्हेक या कोडवर अवलंबून होत्या. तिथे हे काम करायला असेंब्लीत शिरावं लागतं, म्हणून नवी प्रतच घ्या. एसटाइमसीएमपीचा नियम सोपा आणि आपल्या सोयीचा आहे: घड्याळाचा आकडा त्याच्याएवढा किंवा त्याहून मोठा असेल तोवर टाइमरचा इंटरप्ट उभा राहतो. त्यामुळे चुकून उलटून गेलेली वेळ लिहिली तरी इंटरप्ट लगेच येतो, हरवत नाही. एक्स८६ मशीनवरच्या एचपीइटी या टाइमरमध्ये असं नाही. तिथे तुलना नेमक्या बरोबरीची असते, म्हणून लिहून होईपर्यंत वेळ पुढे सरकली तर घड्याळ पूर्ण फेरी मारेपर्यंत काही घडत नाही. तिथे लिहिल्यावर पुन्हा वाचून खात्री करावी लागते. इथे ती कटकट नाही.

दुसरी अट जास्त महत्त्वाची आहे. एसटाइमसीएमपी प्रत्येक कोअरचं स्वतंत्र असतं आणि ज्याचं त्यालाच लिहिता येतं. सगळ्या झोपलेल्यांची एकच सामाईक रांग केली तर तिच्यासाठी घड्याळ कोणत्या कोअरचं लावायचं हा प्रश्न उभा राहतो, आणि दुसऱ्याचं लावायला एक्सव्ही६ मध्ये कोअर ते कोअर निरोपाची सोयच नाही. म्हणून रांग प्रत्येक कोअरची वेगळी ठेवा. जो कोअर प्रोसेसला झोपवतो, त्याच्याच रांगेत ती बसते आणि त्याच्याच घड्याळाने उठते.

प्रत्येक कोअरची माहिती ठेवणाऱ्या स्ट्रक्ट सीपीयूमध्ये तीन गोष्टी वाढवा: झोपलॉक नावाचं स्पिनलॉक (मिळेपर्यंत कोअर जागेवरच फिरत राहतो असं लॉक), रांगेच्या डोक्याचा पॉइंटर, आणि पुढच्या नेहमीच्या टिकची वेळ ठेवणारा पुढचाटिक हा ६४ बिटांचा आकडा. प्रत्येक प्रोसेसच्या स्ट्रक्ट प्रॉकमध्येही तीन: उठण्याची वेळ, रांगेतला पुढचा, आणि 'रांगेत आहे का' ही खूण. रांग वेळेनुसार लावलेली साधी एकपदरी लिस्ट पुरते. लिनक्समध्ये इथे रेड-ब्लॅक ट्री असतं, कारण तिथे हजारो टाइमर असतात. इथे कमाल ६४ प्रोसेस आहेत. चौसष्ट जणांसाठी ट्री लिहिण्यात गेलेला आठवडा लॉक तपासण्यात घालवा, त्याचा उपयोग होईल.

झोपी जाण्याचा क्रम मात्र अक्षरशः असाच ठेवा:

पुश_ऑफ()
सी = मायसीपीयू()
अक्वायर(सी चं झोपलॉक)
पॉप_ऑफ()
वेळ = आर_टाइम() + मायक्रोसेकंद × १० + १
रांगेत वेळेप्रमाणे घाल, खूण = १
आपण डोक्याशी असू आणि वेळ पुढच्याटिकच्या आधीची असेल, तर एसटाइमसीएमपी = वेळ
खूण १ आहे तोवर: झोप(सी चं झोपलॉक)
रिलीज(सी चं झोपलॉक)

पुश_ऑफ() कोअरचे इंटरप्ट बंद करतं, पॉप_ऑफ() तो बंद मागे घेतं, मायसीपीयू() आपण कोणत्या कोअरवर आहोत ते सांगतं, आणि अक्वायर व रिलीज लॉक घेतात आणि सोडतात. पहिली ओळ गाळली तर काय होतं ते पाहा. मायसीपीयू() ने कोअर १ सांगितला, तेवढ्यात टाइमरचा इंटरप्ट आला, यील्ड झालं आणि प्रोसेस कोअर २ वर पुन्हा सुरू झाली. आता ती कोअर १ च्या रांगेत बसते, पण घड्याळ मात्र कोअर २ चं लावते. कोअर २ चा इंटरप्ट वेळेवर येतो, स्वतःची रांग रिकामी पाहतो आणि परत जातो. बिचारी प्रोसेस कोअर १ च्या पुढच्या टिकपर्यंत पडून राहते. हजारातून एखाद्या वेळी ९० मिलिसेकंद उशीर, बाकी सगळं ठीक, असं दिसलं तर आधी हीच जागा तपासा.

पॉप_ऑफ चौथ्याच ओळीवर का, तेही समजून घ्या. अक्वायर() स्वतः आतून पुश_ऑफ करतं, म्हणजे इंटरप्ट किती वेळा बंद केले त्याची मोजणी दोन होते. कोअर दुसऱ्याला सोडून देणाऱ्या स्केड() मध्ये ही मोजणी नेमकी एक हवी असते, नाहीतर 'स्केड लॉक्स' म्हणून कर्नल पॅनिक होतो. लॉक हातात असल्याने इंटरप्ट बंदच आहेत, तेव्हा आपला जादाचा पुश तिथेच परत करायचा. आणि झोपेतून उठल्यावर मायसीपीयू() पुन्हा विचारायचं नाही. प्रोसेस आता कुठल्याही कोअरवर असू शकते; लॉक सोडायचं ते सुरुवातीला 'सी' मध्ये ठेवलेल्या कोअरचंच.

शेवटचा अधिक एक हा शोभेचा नाही. आर_टाइम() ने ५,००,००,००० सांगितलं तेव्हा खरी वेळ त्या आकड्याची नुकतीच सुरुवात असेल किंवा शेवटचा नॅनोसेकंद असेल. तो एक मिळवला नाही तर झोप एका आकड्याने कमी भरू शकते. १० मेगाहर्ट्झला हा फरक १०० नॅनोसेकंदांचा, पण घड्याळ सगळीकडे इतकं वेगवान नसतं. हायफाइव्ह अनलीश्ड बोर्डावर ते १ मेगाहर्ट्झचं आहे आणि व्हिजनफाइव्ह २ वर ४ मेगाहर्ट्झचं. तिथे १० ने गुणणंही चुकतं, म्हणून हा आकडा बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन असलेल्या डिव्हाइस ट्रीमधल्या टाइमबेस-फ्रीक्वेन्सीवरून घ्या, आणि भागाकार पूर्ण सुटत नसेल तर वरच्या दिशेने पूर्णांक करा. या दोन्ही बोर्डांवर एसएसटीसी नाही, तेव्हा तिथे टाइमर एसबीआय या कर्नलखालच्या फर्मवेअरच्या कॉलमधूनच लावावा लागतो.

आता इंटरप्टची बाजू. टाइमरचा इंटरप्ट हाताळणारं सध्याचं क्लॉकइंटर() शेवटी एसटाइमसीएमपीत 'आत्ता अधिक १०,००,०००' लिहितं. यात प्रत्येक वेळी इंटरप्ट पोचायला झालेला उशीर पुढच्या टिकमध्ये मिसळतो आणि टिक हळूहळू मागे पडतात. नव्या रचनेत क्रम असा: 'आत्ता' एकदाच वाचा. झोपलॉक घ्या आणि डोक्याची वेळ 'आत्ता'पेक्षा मोठी नसेल तोवर एकेक प्रोसेस रांगेतून काढा, तिची खूण शून्य करा आणि तिला उठवा. मग पुढचाटिक उलटला असेल तरच टिकचं जुनं काम करा. शेवटी पुढचाटिक आणि रांगेच्या नव्या डोक्याची वेळ, यांतली जी आधीची ती एसटाइमसीएमपीत लिहा आणि लॉक सोडा.

पुढचाटिक वाढवताना जुन्याच आकड्यात १०,००,००० मिळवा, 'आत्ता'त नव्हे. पण यजमान मशीन (क्यूएमू ज्यावर चालतं तो संगणक) स्लीपमध्ये जाऊन परत आलं तर मधले शेकडो टिक हुकलेले असतात आणि एकेक करून भरून काढताना इंटरप्टची रांग लागते. म्हणून किती टिक उलटले ते एका भागाकाराने काढा आणि टिक्समध्ये तेवढे एकदम मिळवा. पुढचाटिकची सुरुवातीची किंमत प्रत्येक कोअरवर, इंटरप्ट चालू होण्याआधी, ट्रॅपइनिटहार्टमध्ये भरा. ती शून्य राहिली तर पहिल्याच इंटरप्टला 'उलटलेले टिक' घड्याळ सुरू झाल्यापासून मोजले जातात.

उठवण्यासाठी नेहमीचं वेकअप() वापरू नका. ते पूर्ण टेबल फिरतं. कोणाला उठवायचं ते हातात आहे: तिचं स्वतःचं लॉक, म्हणजे पी-लॉक, घ्या, ती झोपलेलीच असेल आणि आपल्याच चॅनेलवर (म्हणजे आपल्याच कारणासाठी थांबलेली) असेल तर रनेबल, म्हणजे चालायला तयार, करा, लॉक सोडा. इथे लॉकचा क्रम कायम एकच ठेवायचा: आधी झोपलॉक, मग पी-लॉक. हा क्रम मोडायचा मोह एका ठिकाणी हमखास होतो. 'प्रोसेस मरताना ती रांगेतूनही काढू' म्हणून प्रोसेसची जागा मोकळी करणाऱ्या फ्रीप्रॉक() मध्ये कोड घालावासा वाटतो. फ्रीप्रॉक() पी-लॉक हातात असतानाच चालतं, तेव्हा तिथे झोपलॉक घेतलं की क्रम उलटा झाला. दोन कोअर एकमेकांच्या लॉकची वाट पाहत उभे राहतात, पॅनिक नाही, संदेश नाही, स्क्रीन नुसती थिजते. रांगेतून बाहेर पडण्याचं काम झोपणाऱ्या प्रोसेसनेच, कॉलमधून परतण्याआधी, करायचं.

एक ३०० मायक्रोसेकंदांची झोप आकड्यांनिशी पाहू. घड्याळ ५,००,००,००० वर आहे, पुढचाटिक ५,०४,००,००० वर. वेळ ठरते ५,००,०३,००१. रांग रिकामी, म्हणून ती डोक्याशी बसते. टिकच्या आधीची आहे, म्हणून एसटाइमसीएमपीत ५,००,०३,००१ जातं. प्रोसेस झोपते, कोअर दुसरं काम उचलतो किंवा थांबतो. घड्याळ त्या आकड्याला पोचलं की इंटरप्ट, रांगेतून काढणं, रनेबल. टिक अजून आलेला नाही, म्हणून टिक्स हलत नाही. एसटाइमसीएमपीत परत ५,०४,००,००० लिहिलं जातं. एका झोपेला एक जादा इंटरप्ट, आणि कुणी झोपलेलं नसेल तर एकही नाही.

इथवर टाइमरचं काम झालं, पण झोप अजून बारीक झालेली नाही. रनेबल होणं आणि प्रत्यक्ष चालू होणं यांत शेड्युलर उभा आहे, आणि बहुतेक जण नेमके इथे थांबतात. मग मोजल्यावर ४०-५० मिलिसेकंद दिसतात आणि दोष घड्याळाला दिला जातो.

तीन गोष्टी करायच्या. पहिली, इंटरप्ट कुणाचा ते सांगणाऱ्या डेव्हइंटर() ने टाइमरसाठी २ परत केलं तरच यील्ड होतं. आपण टिकलाच २ आणि एरवी १ असं केलं, तर उठलेली प्रोसेस चालू प्रोसेसचा टिक संपेपर्यंत ताटकळते. तेव्हा टिक उलटला किंवा निदान एक प्रोसेस उठली, या दोन्ही वेळी २ परत करा. शेजारचा कोअर रिकामा असला तरी तो डब्ल्यूएफआय या, पुढचा इंटरप्ट येईपर्यंत थांबवणाऱ्या, सूचनेत थांबलेला असतो आणि त्याला जागं करणारा निरोप एक्सव्ही६ मध्ये नाही, हे विसरू नका. ज्या कोअरवर इंटरप्ट आला त्यालाच जागा करून द्यावी लागते.

दुसरी, शेड्युलर टेबलात क्रमाने फिरतो. यील्ड करणारी प्रोसेस पाचव्या जागेवर आणि उठलेली तिसऱ्या जागेवर असेल, तर मध्ये जितक्या चालायला तयार प्रोसेस आहेत त्या प्रत्येकीला १०० मिलिसेकंदांपर्यंत वेळ मिळतो. स्ट्रक्ट सीपीयूमध्ये 'आधी हिला पाहा' असा एक पॉइंटर ठेवा. उठवताना तो भरा, शेड्युलरने फेरीच्या आधी तो तपासावा आणि एकदाच वापरून रिकामा करावा. 'एकदाच' ही अट सोडू नका. नाहीतर एक मायक्रोसेकंद झोपून पुन्हा पुन्हा पुढे घुसणारी प्रोसेस इतरांना उपाशी ठेवते.

तिसरी गोष्ट शोधायला सगळ्यात अवघड आहे. शेड्युलरने टेबल तपासलं, कुणी तयार नाही असं पाहिलं, आणि डब्ल्यूएफआय ही सूचना चालण्याआधी इंटरप्ट येऊन गेला. इंटरप्टने प्रोसेस रनेबल केली, पण कोअर आता डब्ल्यूएफआयत जाऊन पुढच्या इंटरप्टची वाट पाहतो. शंभर मिलिसेकंदांच्या टिकमध्ये ही फट कुणाच्या लक्षातही येत नाही. उपाय असा: फेरीच्या सुरुवातीला इंटरप्ट क्षणभर चालू करून लगेच बंद करा, टेबल बंद इंटरप्टनेच तपासा आणि डब्ल्यूएफआयही तसंच चालवा. इंटरप्ट बंद असले तरी तो उभा राहिला की डब्ल्यूएफआय परत येतं, म्हणून काही अडकत नाही. एक्सव्ही६ च्या ताज्या प्रतीत हा बदल आहे. थोडी जुनी प्रत असेल तर स्वतः करा.

आता किल, म्हणजे प्रोसेस मारण्याचा कॉल. एक्सव्ही६ मध्ये किल झोपलेल्या प्रोसेसला रनेबल करतं, म्हणजे आपली प्रोसेस वेळेआधी उठते आणि रांगेत तशीच असते. लूपमध्ये प्रत्येक वेळी किल्ड() पाहा. खरं निघालं तर झोपलॉक हातात असतानाच रांगेतून स्वतःला काढा आणि -१ परत करा. घड्याळ पुन्हा लावायची गरज नाही. एक फुकटचा इंटरप्ट येईल, तो काही न सापडता परत जाईल. रांगेतून न काढता परतलात, तर प्रॉकची ती जागा नव्या प्रोसेसला मिळते, जुना दुवा तसाच राहतो आणि लिस्ट स्वतःभोवती गोल फिरू लागते.

यात एक जुनी फट नव्याने उघडी पडते. किल्ड() पाहिलं, शून्य होतं. झोपायला जाईपर्यंत दुसऱ्या कोअरने किल केलं. प्रोसेस अजून चालू स्थितीत असल्याने किलने फक्त खूण केली, उठवलं काहीच नाही. मग ती झोपली. जुन्या कॉलमध्ये पुढचा टिक १०० मिलिसेकंदांत सगळ्यांना उठवत असे, त्यामुळे ही फट आपोआप बुजत होती. आता मधे कुणी उठवत नाही. दोन तास झोपायला निघालेली प्रोसेस किल करूनही दोन तास मरणार नाही. म्हणून नेहमीच्या स्लीप() ची एक वेगळी प्रत करा आणि तिच्यात पी-लॉक घेतल्यानंतर, अवस्था बदलण्याआधी, किल्डची खूण पुन्हा पाहा. किल ती खूण पी-लॉक धरूनच करतं, त्यामुळे मधे फट उरत नाही.

कॉलचा आर्ग्युमेंट ३२ बिटांच्या आर्गइंट() ने घेतला तर कमाल २,१४७ सेकंद, म्हणजे पाऊण तासही नाही. आर्गअ‍ॅडर() ने ६४ बिट घ्या, पण मग वरची मर्यादा स्वतः घाला. यूजरने भलताच मोठा आकडा दिला की १० ने गुणताना तो उलटतो आणि कॉल तत्काळ परततो. 'लवकर उठवणार नाही' हे वचन तिथेच मोडलं. एक दिवस ही मर्यादा पुरे. बाकी कॉल जोडणं नेहमीचंच: सिसकॉलच्या हेडरमध्ये क्रमांक, टेबलात नोंद, यूजरच्या हेडरमध्ये घोषणा आणि यूसिस.पीएलमध्ये एक ओळ.

अगदी छोट्या झोपेला झोपवूच नका. दोनदा प्रोसेस बदलणं, दोन लॉक, एक इंटरप्ट एवढ्याला काही मायक्रोसेकंद लागतातच. लिनक्सच्या ड्रायव्हरांसाठीचा ठोकताळा इथेही कामाचा आहे: १० मायक्रोसेकंदांखाली यूडिले, म्हणजे जागेवर घड्याळ पाहत फिरणं; १० मायक्रोसेकंद ते २० मिलिसेकंद यूस्लीप_रेंज; त्यापुढे एमस्लीप. तिथल्या एमस्लीपचाही पाया टिकच आहे, म्हणून एचझेड (सेकंदाला किती टिक) १०० असलेल्या कर्नलमध्ये एमस्लीप(१) ला २० मिलिसेकंद लागू शकतात. तुमच्या कॉलमध्ये २० मायक्रोसेकंदांखाली, कोणतंही लॉक न धरता आणि इंटरप्ट चालू ठेवून, फिरत राहा.

लिनक्सचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथेही हे काम दोन टप्प्यांत झालं. थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांचे एचआरटाइमर, म्हणजे बारीक वेळेचे टाइमर, २००६ मध्ये २.६.१६ मध्ये आले, पण ते आधी टिकवरच चालत होते. वेळेनुसार लावलेली रांग आधी पक्की केली. पुढच्या क्षणासाठी घड्याळ लावण्याची पद्धत २००७ मध्ये २.६.२१ ला आली. तुम्हीही तसंच करा. आधी रांग, किल आणि लॉक टिकवर चालवून पक्के करा, एसटाइमसीएमपीला हात लावू नका. ते बिनचूक चाललं की मग घड्याळ. दोन्ही एकदम बदललंत तर थिजलेल्या स्क्रीनमागे लॉक आहे की घड्याळ, हे शोधता येत नाही.

यूस्लीप_रेंजमधली 'पासून-पर्यंत' ही कल्पनाही नीट पाहा. दहा जणांना थोड्याथोड्या अंतराने उठायचं असेल तर दहा इंटरप्ट लागतात. प्रत्येकाने '३०० ते ४००' असं सांगितलं तर त्यांतले बरेच एकाच इंटरप्टमध्ये उठतात. लिनक्समध्ये साध्या प्रोसेसला मुळातच ५० मायक्रोसेकंदांची अशी ढील दिलेली असते. तिथे १ मायक्रोसेकंदाची झोप ५० च्या पुढे जाते ती याचमुळे. एक्सव्ही६ मध्ये ढील घालायची तर रांग उशिरातल्या उशिराच्या वेळेने लावा, घड्याळ त्याच वेळेचं लावा, आणि इंटरप्ट आल्यावर डोक्यापासून पुढे ज्यांची लवकरची वेळ उलटली आहे त्यांनाही उठवा.

ठराविक अंतराने काम करणाऱ्यांसाठी 'अमुक वेळेपर्यंत झोप' असा दुसरा कॉलही आत्ताच द्या. ५०० मायक्रोसेकंदांची सापेक्ष झोप लूपमध्ये वापरली की प्रत्येक फेरीतला उशीर साठत जातो. फेरीला १५ मायक्रोसेकंद जास्त लागले तर हजार फेऱ्यांत १५ मिलिसेकंद. थेट वेळ देणाऱ्या कॉलमध्ये तो साठत नाही. कर्नलमध्ये त्यासाठी जेमतेम चार ओळी जास्त लागतात.

मोजणी कशी करायची? यूजर प्रोग्राममधून आरडीटाइम ही घड्याळ वाचणारी सूचना चालवायची तर प्रत्येक कोअरवर एसकाउंटरएन रजिस्टरमधला १ क्रमांकाचा बिट लावा, नाहीतर ती सूचना अवैध ठरून प्रोसेस मारली जाते. पहिल्या चाचण्या 'मेक सीपीयूज=१ क्यूएमू' ने एकाच कोअरवर करा. ५०० मायक्रोसेकंदांची झोप हजार वेळा घ्या आणि सरासरीच्या नादी न लागता सर्वात कमी आणि सर्वात जास्त हे दोनच आकडे छापा. सर्वात कमी घड्याळाच्या ५,००० आकड्यांच्या खाली एकदा जरी गेला तर कोड चुकला आहे, त्याला दुसरं स्पष्टीकरण नाही. सर्वात जास्तवरून मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. क्यूएमू हा यजमान मशीनवरचा एक प्रोग्राम आहे आणि त्याला यजमानाच्या शेड्युलरकडून वेळ मिळते, तेव्हा काही दहा मायक्रोसेकंदांचा चढउतार तिथलाच असतो. पण ९०-१०० मिलिसेकंदांच्या आसपासचा एखादा सुटा आकडा दिसला तर तो तुमच्या कर्नलचाच: कोअर बदलल्याची चूक, डब्ल्यूएफआयची फट किंवा यील्ड न होणं, या तिघांपैकी एक.

मग कोअर तीन करा आणि तीन-चार प्रोसेस नुसत्या लूपमध्ये फिरत ठेवून तीच मोजणी पुन्हा घ्या; शेड्युलरमधला पॉइंटर नीट चालतो का ते इथेच कळतं. त्यानंतर एक प्रोसेस दहा सेकंद झोपवा, लगेच किल करा, लागलीच टेबल भरेपर्यंत फोर्क करत, म्हणजे नव्या प्रोसेस बनवत, सुटा आणि प्रत्येकीला वेगवेगळ्या वेळेसाठी झोपवा. हे शंभर वेळा बिनअडथळा झालं की एक्सव्ही६ सोबतच्या यूजरटेस्ट्स या चाचण्या पूर्ण चालवा, जुना स्लीप(१०) अजूनही एका सेकंदाच्या आसपास परततो ना ते घड्याळ लावून पाहा.